दगडातली सुशीला

"ही मी," भोयरकाकू म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या तळहातावर एक दगड ठेवला.

माझ्या एका हातात चहाचा कप होता, मांडीवर चिवड्याची बशी होती आणि त्या घरात मी पहिल्यांदाच आले होते. दगड सुपारीएवढा, पिवळट, अंगावर बारीक काड्या चिकटल्यासारखा. मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीतून अंगणातलं संत्र्याचं झाड बघत होते आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पाह्य ना नीट," काकू म्हणाल्या. "नऊ कोटी वर्षांची आहो मी. वाटतो का?"

"नाही वाटत," मी म्हणाले.

"हुशार आहे हो पोट्टी," त्या सरांना म्हणाल्या. "घ्या हिले ठेवून."

अशी माझी पीएच.डी. सुरू झाली. सर नंतर म्हणाले की त्यांनी माझे मार्क बघूनच घ्यायचं ठरवलं होतं, पण माझा त्यावर आजही विश्वास नाही.

डॉ. मोरेश्वर भोयर नागपुरात भूशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांचं सगळं आयुष्य ब्रायोझोआंमध्ये गेलं होतं. हे समुद्रातले इवलेसे जीव. एकेकटे राहतच नाहीत. शेकड्यांनी मिळून चुन्याची एक वसाहत बांधतात आणि तिच्यात प्रत्येकाची सुईच्या टोकाएवढी खोली वेगळी. सर तिला चाळ म्हणायचे. बिऱ्हाडं मरून जातात, चाळ दगडात राहते. नर्मदेच्या खोऱ्यात आज जिथे ज्वारी आणि कापूस पिकतो तिथे एके काळी समुद्र होता, आणि तिथल्या चुनखडकात या चाळी खच्चून भरल्या आहेत. बघणारे त्यांना हमखास प्रवाळ म्हणतात. कोणी प्रवाळ म्हटलं की सरांचा चहा गार व्हायचा, कारण ते कप ठेवून समजावायला लागायचे.

आमचं काम म्हणजे कोणती चाळ कोणत्या जातीची ते ओळखणं. खोल्यांचा आकार बघायचा, दारांची ठेवण बघायची, भिंती किती जाड ते मोजायचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाळंतिणीची खोली शोधायची. हाही सरांचाच शब्द. सगळ्या चाळीत एखादीच खोली फुगीर असते, तिच्यात पिल्लं वाढतात. ती सापडली तर जाती छातीठोकपणे सांगता येते. नाही सापडली तर नुसता अंदाज. मी महिनोन्‌महिने सूक्ष्मदर्शकाखाली दगडाचे कपचे फिरवत ही एक खोली शोधत बसायचे आणि घरी आई विचारायची, सापडलं का गं घर.

सरांना तरुणपणी एक नवी जाती सापडली होती. गुळगुळीत, नाजूक फांद्यांची, बाळंतिणीच्या खोलीसकट. नवी जाती ज्याला सापडते त्याने तिला स्वतःचं नाव द्यायचं नसतं, हा आमच्यातला शिष्टाचार. सरांनी बायकोचं दिलं. आमच्या नावांत आडनाव आधी येतं आणि ते लांबलचक, परकं असतं. ते सोडून देऊ. नाव होतं 'सुशीलाए', म्हणजे सुशीलेची.

तेव्हापासून त्या घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर तो दगड पडायचा. कुलगुरूंच्या पडला तसा गॅसच्या सिलिंडरवाल्याच्याही. काकू वर्ध्याकडच्या एका खेड्यातल्या. तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'येतो', 'जातो' म्हणतात, तशाच त्याही म्हणायच्या, आणि प्राध्यापकाच्या बायकोने कसं बोलावं याची त्यांनी कधी फिकीर केली नाही. शाळा त्यांची चौथीपर्यंत. पण 'ब्रायोझोआ' हा शब्द आमच्या डिपार्टमेंटच्या हेडपेक्षा त्या स्वच्छ म्हणायच्या. मला त्या फार आवडायच्या. माझी आई शिस्तीची, आणि काकू मात्र नको म्हटल्यावरही तिसऱ्यांदा भात वाढणाऱ्या. सुट्टीच्या दिवशीही मी काहीतरी शंका काढून सरांकडे जायचे, ती शंका बहुतेक वेळा भुकेची असायची.

याला आता चाळीसेक वर्षं झाली. सर नाहीत, काकूही नाहीत. पण त्या जानेवारीतले ते तीन दिवस मला काल घडल्यासारखे आठवतात.

आधी आमच्यातला एक नियम सांगते. एकाच जातीला दोघांनी वेगवेगळी नावं दिली आहेत असं उघडकीला आलं, की ज्याने आधी दिलं त्याचं नाव राहतं. नंतरचं बुडतं. आम्ही बुडणं असंच म्हणायचो. सरांनी आजवर भल्याभल्यांची नावं बुडवली होती. हैदराबादचे एक गृहस्थ तर सरांशी बोलेनासे झाले होते, कारण त्यांच्या गुरूच्या नावाची जाती सरांनी एका तळटीपेत बुडवली. सरांना त्याचं काही वाटायचं नाही. ते म्हणायचे, "याला सुतक नसतं. आंघोळ करावी आणि कामाला लागावं."

तर त्या जानेवारीत एक तुकडा निघाला. दिवाळीनंतर आम्ही नर्मदेकडून पोती भरून माल आणला होता, तो मी पाण्यात भिजवून, मऊ ब्रशने घासून साफ करत होते. तुकडा अंगठ्याएवढा. खाली जाड, सुरकुत्या पडलेला बुंधा आणि त्यावर उभी एक कोवळी गुळगुळीत फांदी. बुंधा मी पाहताक्षणी ओळखला. ती रुगोसा होती. रुगोसा म्हणजे सुरकुतलेली. शंभर वर्षांपूर्वी कोण्या इंग्रज साहेबाने हे नाव दिलं होतं, आणि त्याला नुसते बुंधेच मिळाले होते, बाळंतिणीची खोली नसलेले. मग फांदी भिंगाखाली धरली. तिच्यावर फुगीर खोली होती. ती खोली मी सरांच्या चित्रात इतक्या वेळा पाहिली होती की झोपेतही काढून दाखवली असती. फांदी म्हणजे आमची सुशीला होती.

एका तुकड्यात दोन जाती असणं यात नवल नाही. एका चाळीवर दुसरी चाळ येऊन बसते, जागेची टंचाई समुद्रातही असते. पण मग वरच्या चाळीने स्वतःसाठी एक पातळ जमीन घातलेली असते. ती जमीन मध्ये दिसली तर दोन जाती. ती नसली, आणि खालच्या खोल्या सरळ वर फांदीत गेल्या, तर एकच चाळ. बुंधा म्हातारा आणि फांदी तरुण. तसं असेल तर साहेबाचं नाव आधीचं. सुशीला बुडाली.

संशोधकाने दगडाकडे काही मागायचं नसतं. मी मागितलं. ती जमीन असू दे, म्हणून बुधवारी रात्री देवापुढे हात जोडले.

मागण्याला कारणही होतं. त्याच रविवारी काकूंच्या लेआउटमधल्या, म्हणजे कॉलनीतल्या, महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं आणि त्यात सरांचं व्याख्यान. विषय मंडळाच्या अध्यक्षा देवतळेबाईंनी स्वतः रंगीत खडूंनी फळ्यावर लिहिला होता: 'दगडातली सुशीला'. व्याख्यानानंतर काकूंचा सत्कार. काकूंनी त्यासाठी पोपटी साडी घेतली होती आणि ती दाखवायला त्या थेट आमच्या लॅबमध्ये आल्या होत्या. ॲसिडच्या बाटल्यांपासून साडी हातभर दूर धरून त्यांनी विचारलं होतं, "जास्त तर नाही ना होत माह्या वयाले?"

शुक्रवारी सकाळी मी तुकडा उभा चिरला. चिरलेली बाजू काचेवर पूड टाकून घासली, गुळगुळीत केली, क्षणभर पातळ ॲसिडमध्ये बुडवली. मग तिच्यावर ॲसिटोनचे थेंब सोडून पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवला. तो वाळला की सोलून काढायचा. दगडातली एकूण एक भिंत त्यावर उमटते. आम्ही त्याला साल म्हणायचो. साल काचेत धरून मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

जमीन नव्हती. खालच्या खोल्या वळण घेऊन सरळ फांदीत गेल्या होत्या. मी दुसऱ्या अर्ध्या भागाची साल काढली. तीही तशीच.

"ॲसिड सांडलं का, वैरागडे?" दारातून सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग अशी काय बसलीस?"

"सर, एक साल बघता का?"

सर बसले. डोळा लावला. सरांनी काच पुढे सरकवली, मागे सरकवली, भिंग बदललं.

"मध्ये जमीन नाही," ते म्हणाले.

"नाही."

"दुसऱ्या बाजूची काढली?"

"काढली. तीही अशीच आहे."

त्यांनी चष्मा काढून बुशशर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, आणखी एकदा बघितलं.

"बुडाली," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काम छान झालंय. थिसिसमध्ये हे प्रकरण पहिलं घे. साल अशीच काढायची असते, एक बुडबुडा नाही."

इतकं कौतुक त्यांनी कधीच केलं नव्हतं आणि मला रडू फुटलं.

"अगं, याला सुतक नसतं," सर सवयीने म्हणाले. "आंघोळ करावी आणि..." तिथे ते थांबले. "पण घरी कोण सांगेल?"

एकदा नर्मदेकाठच्या एका नाल्यात आमच्या समोर बिबट्या आला होता. सर तेव्हा हातोडी घट्ट धरून नुसते उभे राहिले होते, चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती. आता मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"रविवार होऊन जाऊ द्या," मी म्हणाले. "सोमवारी सांगा."

"म्हणजे रविवारी शंभर बायांसमोर उभं राहून मी बुडालेलं नाव सांगू? मला माहीत असून?"

"मग आज सांगा."

"आज?" सरांनी घड्याळाकडे बघितलं, जणू काही आजचा दिवस संपत आला होता. सकाळचे अकरा वाजले होते. "तू पण चल. जेवायलाच ये."

त्या दिवशी काकूंनी गोळाभात केला होता. गरम भातात डाळीचे गोळे कुस्करून त्यावर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल सोडायचं, नागपूरच्या थंडीत याच्यासारखं सुख नाही. सर ताटावर बसल्यापासून थंडीबद्दल बोलत होते. थंडी यंदा जास्त आहे. मागच्या वर्षी एवढी नव्हती. पुढच्या वर्षी काय होईल सांगता येत नाही. मी गोळा कुस्करत होते. तो इतका कुस्करला गेला होता की त्याचं पीठ झालं होतं.

"काय झालं?" काकूंनी तेलाची पळी हातात धरून विचारलं. "कॉलेजात कोणाशी भांडले का तुम्ही?"

"नाही."

"मंग तोंड असं काहून?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मोठा माणूस, डोक्यावर पिकलेले केस, आणि शाळेतल्या मुलाने मित्राकडे बघावं तसे.

"तू सांग व पोट्टे," काकू म्हणाल्या. "याहिच्या तोंडून काही निघत नाही."

मी सांगितलं. जितकं सोपं करता येईल तितकं करून सांगितलं, की काकू, ती सुशीला वेगळी जाती नाहीच. रुगोसा नावाची एक आहे, तिचीच ती कोवळी फांदी.

"कोण रुगोसा?"

"साहेबाने दिलेलं नाव आहे. शंभर वर्षांपूर्वीचं."

"मेम होती का त्याची?"

"नाही. रुगोसा म्हणजे... सुरकुतलेली."

काकूंनी पळी खाली ठेवली आणि त्या हसायला लागल्या. "म्हणजे तरणी होती तवा सुशीला, अन म्हातारी झाली तवा सुरकुतलेली? बराबर आहे ना मंग! माह्यंही तेच झालं."

सरही हसले. जरा जास्तच जोरात हसले. मला वाटलं, सुटलो.

"मंग ठेवा ना दोन्ही," काकू म्हणाल्या. "तरणीचं एक, म्हातारीचं एक."

"तसं चालत नाही," सर म्हणाले. "एकीला एकच नाव."

"मंग माह्यं ठेवा. तुम्ही तर बाळंतिणीच्या खोलीसकट पाह्यली. साहेबानं तर नुसता बुंधा पाह्यला. त्याले काय माहीत, ते तरणी असताना कशी दिसे?"

हा मुद्दा मी थिसिसच्या तोंडी परीक्षेतही इतका चोख ऐकला नाही. सरांनी भातातला हात मागे घेतला.

"नियम आहे गं. ज्याने आधी दिलं त्याचं राहतं. पहिलं नाव तेच खरं. नंतरच्याने कितीही चांगलं दिलं, कितीही..." सर अडखळले, "कितीही प्रेमाने दिलं, तरी ते बुडतं."

प्रेम हा शब्द त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. काकूंनी सरांकडे पाहिलं आणि मग चुलीकडे तोंड केलं. गॅस आल्याला बरीच वर्षं झाली होती, पण ओट्याला त्या चूलच म्हणायच्या.

"मले वाटे," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "का माणसं मरून जातात, कोणी आठवण नाही करत. पण आपण आहो बा दगडात. पोरायले तुमचं आडनाव लागलं. घरावर तुमची पाटी. माह्यं म्हणून तेवढंच होतं."

तो तुकडा फेकून दिला असता तर काय बिघडलं असतं, असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

"नाव पुसत नाहीत," सर घाईने म्हणाले. "पुस्तकात राहतं ते. रुगोसाच्या खाली, बारीक अक्षरांत. कायमचं राहतं."

"बुडालेल्यायच्या रांगेत."

"हो," सर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही.

काकू वळल्या. डोळे कोरडे होते. ओट्याला टेकून त्यांनी विचारलं, "पहिलं नाव तेच खरं म्हणता. हा नियम सगळ्यायलेच आहे?"

"सगळ्यांना. त्यात मोठा-लहान नाही."

"मंग सुशीला तर पहिलेच बुडाली होती ना."

"म्हणजे?"

"माह्यं पहिलं नाव पंचफुला आहे."

सर काकूंकडे बघत राहिले. मी दोघांकडे. इतकी वर्षं त्या घरात जेवले होते आणि हे नाव मी ऐकलं नव्हतं.

"ते... लग्नात बदलतातच नाव," सर म्हणाले. "पद्धत आहे. आईने ठेवलं होतं सुशीला."

"सासूबाई तर म्हणे राहू द्या, चांगलं आहे. तुम्ही बदललं. ताटात तांदूळ पसरले अन तुम्ही अंगठीनं लिवलं, सुशीला. माह्यी पाठराखीण होती बाजूले, तिनं विचारलं का काहून बदलता जी, आमच्या पोरीचं नाव गोड आहे. तर तुम्ही म्हणाले, कॉलेजातले लोक हसतील पंचफुलेले."

"मी असं म्हणालो?"

"हो."

"मला आठवत नाही गं."

"मले आठवते. मी तिथंच होती ना." काकूंचा आवाज चढला नाही. उलट त्या समजावून सांगितल्यासारख्या बोलत होत्या. "दगडाचं चालते. साहेबानं आधी नाव ठेवलं होतं हे तुम्हाले ठाऊक नव्हतं. पण माह्यं तर ठाऊक होतं."

ज्या माणसाने सगळ्या देशातल्या विद्वानांना आधी नाव आहे का ते बघा, मग ठेवा, असं ठणकावून सांगितलं, तो समोरच्या ताटातला भात बोटाने एका बाजूला लावत होता.

"घे व पोट्टे, थंड होऊन राहिला," म्हणत काकूंनी माझ्या भातावर तेल सोडलं. सरांच्याही सोडलं. मग म्हणाल्या, "व्याख्यान द्या रविवारी. जे खरं आहे ते सांगा. मी बसतो साडी नेसून."

मी निघाले तेव्हा सर फाटकापर्यंत आले. माझ्या सायकलचं हँडल धरून उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"मागच्या चाकात हवा कमी आहे," ते म्हणाले आणि आत गेले.

रविवारी हॉल भरला होता. दारात हळदीकुंकू, तिळगूळ, वाण म्हणून प्रत्येकीला एकेक स्टीलची वाटी. काकू तिसऱ्या रांगेत पोपटी साडीत ताठ बसल्या होत्या आणि त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं होतं. साडी त्यांना फार छान दिसत होती. मी तसं म्हणाले, तर म्हणाल्या, "चूप बस, आयक."

सरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. समुद्र दाखवला, चाळ दाखवली. बाळंतिणीच्या खोलीला बायकांनी माना डोलावल्या. मग त्यांनी माझा तुकडा दाखवला, बुंधा आणि फांदी, आणि मग साल. "या दोघींच्या मध्ये जमीन नाही," ते म्हणाले. "म्हणजे मी जी वेगळी समजलो ती वेगळी नव्हती. तिला आधीच नाव होतं. मी तिला दिलेलं नाव नियमाने रद्द होतं. ही चूक माझी विद्यार्थिनी हेमलता वैरागडे हिने काढली, आणि ती बरोबर आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून कोणीतरी बऱ्यापैकी मोठ्याने म्हणालं, "अगं बाई, म्हणजे सुशीलाताईंचं नाव गेलं की!" देवतळेबाईंनी फळ्याकडे बघितलं. रंगीत खडूतली 'दगडातली सुशीला' तिथे तशीच होती, तिला वेलबुट्टीही काढली होती. आता सत्कार करायचा की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं. पण शाल आणलेली, नारळ आणलेला. त्या माइकपाशी गेल्या.

"तर... तरीसुद्धा मी आपल्या सौ. सुशीलाताई भोयर यांना विनंती करते, की त्यांनी मंचावर यावं."

टाळ्या पडल्या. काकू उठल्या नाहीत.

"सुशीलाताई," देवतळेबाई म्हणाल्या. "या ना."

काकू समोर बघत होत्या. रुसल्यासारख्या नाही, रागावल्यासारख्याही नाही. दुसऱ्याच कोणाला तरी बोलावलं आहे आणि ती येईल तेव्हा येईल, अशा निवांत. शेजारच्या बाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. टाळ्या विरल्या. मी त्यांचा हात धरला. मला वाटलं, आता या उठून घरी जाणार.

सर मंचावरच्या खुर्चीतून उठले. देवतळेबाईंच्या हातून त्यांनी माइक घेतला. मी त्या घरात गेल्यापासून सरांनी बायकोला 'अगं' याखेरीज कधी काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि त्याआधीही म्हटलं असेल असं वाटत नाही. त्यांनी घसा खाकरला. माइक शिटी वाजल्यासारखा किंचाळला.

"पंचफुला," सर म्हणाले.

मागच्या रांगेतल्या दोन-चार मुली फिसकन हसल्या. त्यांचं बघून आणखी काही जणी हसल्या. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी हसणाऱ्या मुलींकडे बघितलं, मग तिसऱ्या रांगेकडे, आणि माइक तोंडाच्या आणखी जवळ घेतला.

"पंचफुला," ते आधीपेक्षा मोठ्याने म्हणाले, "ये."

"आली जी," काकू म्हणाल्या आणि पदर सावरत उठल्या.